पुस्तक भिशी, चार बायका आणि ४१२ पानं

कृष्णाकाठची

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. तक्रारीचा सूर आहे हे आधीच सांगते, म्हणजे 'जरा सकारात्मक लिहा' असं कुणी म्हणायला नको.

सांगलीत, विश्रामबागेत, आमची एक पुस्तक भिशी आहे. नऊ जणी. महिन्याला शंभर रुपये काढायचे, चिठ्ठी निघेल तिनं पुस्तक ठरवायचं, जमलेल्या नऊशेत बसतील तेवढ्या प्रती घ्यायच्या आणि महिनाभर घरोघरी फिरवायच्या. शेवटच्या शनिवारी चिठ्ठीवालीच्या घरी बैठक. चहा आणि भडंग तिच्याकडून, शेवटी एक प्रतही तिची. वाचताना काही सुचलं तर समासात लिहायचं, पण पेन्सिलीनं. पेन चालणार नाही, हा आमच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंचा नियम.

या महिन्याची कादंबरी ४१२ पानांची, किंमत साडेचारशे रुपये. दोन प्रती आल्या. नऊ जणींत दोन प्रती म्हणजे प्रत्येकीला जेमतेम सहा दिवस, त्यामुळे सगळ्यांनी जागून वाचली. पुस्तकाचं नाव लिहीत नाही. लेखिकेची पहिलीच कादंबरी आहे आणि मला पुस्तकाबद्दल बोलायचंय, तिच्याबद्दल नाही. विचारू नका.

मलपृष्ठावर 'चार स्त्रिया, एक नदी, आयुष्यांचा गोफ' वगैरे. चौघी अशा: सांगलीच्या जुन्या गावभागातल्या वाड्यात एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका, पुण्याची नोकरी सोडून परत आलेली आयटीवाली, हळदीच्या गोदामात निवडायला जाणारी कामगार आणि मिरजेच्या एका दवाखान्यातली नर्स. आळीपाळीनं एकेकीचं प्रकरण, प्रत्येक जण 'मी' म्हणून बोलणार. आणि पहिला खडा इथंच लागतो. प्रकरणावरचं नाव हातानं झाकलं तर कोण बोलतंय ते कळत नाही. चौघींना पाऊस बघितला की आई आठवते. चौघींच्या 'आत कुठंतरी काहीतरी तुटतं'. हे वाक्य इतक्या वेळा येतं की काकूंनी पुढं पुढं समासात नुसत्या फुल्या मारल्यात. बैठकीत आम्ही त्यांची नावंसुद्धा घेत नव्हतो. वाड्यातली, आयटीवाली, गोदामातली, नर्स. बस.

फरक एवढाच की गोदामातली बाई 'न्हाई', 'व्हय', 'बगा' म्हणते. बाकी तिघी छापील. गावभागात सगळा जन्म काढलेली बाई एकदाही 'आलोय की' म्हणत नाही? 'काय लावलंयस' म्हणत नाही? आमच्या भिशीतल्या डॉक्टरीणबाई चिडल्या की 'डोकं फिरलंय काय गा' म्हणतात आणि त्या एमडी आहेत. सांगलीत बोली फक्त गरिबाच्या तोंडात असते हे आम्हाला नवीनच कळलं.

आता खरी गंमत. ही आयुष्यं एकमेकींत गुंतली कशानं? (स्पॉयलर आहे, वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) दीडशे पानांनंतर कळतं की वाड्यातलीचा जुना प्रियकर, आयटीवालीचा न पाहिलेला बाप, नर्सच्या वॉर्डातला सात नंबरचा पेशंट आणि गोदामाचा मालक हा सगळा एकच माणूस! एक हळदीचा अडत्या. म्हणजे चौघींच्या गाठी एकमेकींशी नाहीतच, चौघींची टोकं त्याच्या धोतराला बांधलेली. मग २०१९ चा पूर येतो, तो बोट उलटून मरतो, ट्रंकेत पत्रं सापडतात आणि चौघी आयर्विन पुलावरून ती पत्रं कृष्णेत सोडतात. समाप्त.

एक जागा मात्र काकूंनी अशी पकडली की मान गेले. पान २१२. गोदामातली बाई वाड्यात येऊन शिक्षिकेपुढं मन मोकळं करते. चार पानं सलग बोलते, नवरा, कर्ज, मुलीचं लग्न, सगळं. समासात पेन्सिलीनं एकच ओळ: 'हिला बसायला सांगितलंच नाही कुणी.' मी परत वाचून बघितलं. खरंच. शिक्षिका झोपाळ्यावर आहे आणि ही चार पानं उभीच. लेखिकेच्या लक्षातच आलेलं नाही.

बैठकीत सगळ्या तुटून पडल्या, एकीलाही आवडली नाही. मला विचारायचंय ते हे की बायका बायकांत अडकलेल्या असतात यावर लिहायला मध्ये एक पुरुष, एक ट्रंक आणि एक योगायोग लागतोच का?

---

गड्डा_हळकुंड

नाव लिहिलं नाहीत तरी ओळखलं. बायकोनं आणली होती, मी हळदीसाठी वाचली, कारण आमची तिसरी पिढी या धंद्यात.

लेखिकाबाईंनी श्रावणात हळद काढलीय. श्रावणात! हळद लावायची अक्षय्य तृतीयेच्या आगंमागं, आठ-नऊ महिन्यांचं पीक, काढणी संक्रांतीनंतर. श्रावणात रानात गेलात तर कमरेएवढा हिरवा पाला असतो. मग काढल्यावर शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठं ती सौद्यात येते. कादंबरीत ओली हळद काढून सरळ गोदामात 'सोन्याच्या राशी'. ओल्या हळदीची रास घातली तर चार दिवसांत वास सुटेल.

आणि ते पेव. तरणी असताना वाड्यातली बाई अडत्याला भेटायला हरिपूरच्या पेवात उतरते म्हणे. वाचून हसू की रडू कळेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. माल भरून तोंड बंद केलं की आतली हवा मरते, म्हणून तर कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर तासन् तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. नुकत्याच उघडलेल्या पेवात प्रेमिक उतरले असते तर कादंबरी तिसऱ्याच पानावर संपली असती.

शिवाय २०१९ च्या प्रकरणात ही पेवं भरलेली दाखवलीत. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि तिथून तो कारभार मोडलाच. आता माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असतो. चौदा वर्षांनी पेवं परत कुणी भरली?

---

वाचनवेडा_सातारकर

@गड्डा_हळकुंड, तिसरं पान आवडलं. :) पण काल्पनिक लेखनात एवढं हळदीचं टायमिंग कोण बघतं? साताऱ्याच्या वाचकाला ते खटकणार नाही.

---

गड्डा_हळकुंड

साताऱ्यात पेढा श्रावणात झाडाला लागतो असं कुणी लिहिलं तर चालेल का? हलके घ्या.

---

सूर्यवंशी_प्लॉट

आयडीवरून सांगलीकरांना कळलं असेल की माझा प्रतिसाद पुरावर आहे.

'एका रात्रीत कृष्णा खवळली आणि पाण्याची भिंत शहरात शिरली.' हे वाक्य मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही बाई कधी पुरात राहिलेली नाही. आमच्याकडं पाणी भिंतीसारखं येत नाही, पाहुण्यासारखं येतं, कळवून. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते मोबाईलवर, आयर्विनला किती फूट झालं ते तासातासाला. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या प्लॉटात, दत्तनगरात, काकानगरात धोक्याची वाट बघायची सोयच नाही, आमचा नंबर आधी. पाणी पुढच्या दारानं येत नाही. बाथरूमच्या जाळीतून बुडबुड आवाज येतो. मग मागच्या बोळात चकाकतं. मी उंबऱ्यावर खडूनं रेघ मारतो आणि अर्ध्या तासानं बघतो. रेघ बुडाली की गॅसची टाकी वर. ती बुडायच्या आत कागदपत्रं वर. या रेघारेघांच्या मधल्या वेळात घरात जी भांडणं होतात, काय न्यायचं, कुणाकडं जायचं, सासूरवाडी की भाऊबंद, त्यावर एक अख्खी कादंबरी होईल. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा असल्या रेघा मारायलाही भिंत उरली नव्हती.

बोटीबद्दल गंभीरपणे. त्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यातलं कुणी कुणाच्या ओळखीचं नाही असं घर पलूस भागात कमी. इथं बोट उलटवलीय ती फक्त नको झालेलं पात्र मारायला. ते रुचलं नाही.

---

बाप्या_पाटील

पुरुष वाचकांसाठी काही आहे का यात?

---

कृष्णाकाठची

एक अडत्या आहे. मरतो.

---

नाईट_ड्यूटी

मिरजेत वीस वर्षं नर्सिंग केलंय, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे असं धरते.

पहिली गोष्ट, अख्ख्या पुस्तकात एकही पेशंट तिला 'सिस्टर' म्हणत नाही. सगळे नावानं हाक मारतात. माझं नाव माझ्या वॉर्डात तिघांना माहीत असेल, त्यातला एक वॉचमन.

दुसरी. ती रात्रभर सात नंबरच्या उशाशी बसून त्याचं आयुष्य ऐकते. एका सिस्टरकडं किती बेड असतात हो रात्री? सात नंबरचं ऐकत बसलं तर अकरा नंबरचं सलाईन कोण बघणार?

तिसरी खरी. सकाळ झाली की ती पर्स उचलते आणि चालायला लागते, 'थकलेल्या पावलांनी'. ओव्हर कोण देणार? बेड बेड करत सांगायचं असतं, कुणाला काय चाललंय, कुणाची लघवी झालेली नाही, कुणाचे नातेवाईक रात्री भांडले, औषधाच्या ट्रॉलीत काय संपलंय. पुढची सिस्टर आल्याशिवाय आणि तिनं ऐकून घेतल्याशिवाय पाय निघत नाही. तिची शहापूरकडची... नको, गाव नको. तिची एसटी उशिरा आली की माझी सिटी बस चुकते. माझी चुकली की मुलीचा डबा सासूबाई भरतात. सासूबाईंनी डबा भरला की तो दिवसभर मला ऐकायला लागतो. ती दुसरी सिस्टर आणि मी वीस वर्षांत एकमेकींच्या घरी गेलेलो नाही. पण तिच्या मुलाला ताप कधी येतो ते माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर दिसतं.

आयुष्यं गुंतलेली म्हणजे मला तरी हे माहीत आहे. ट्रंक आमच्याकडं नाही.

---

जुनी_पानं

+१ सिस्टर. शेवटचा परिच्छेद कापून ठेवतोय.

थोडं अवांतर. बायकांच्या हकिकती एका दोऱ्यात ओवायची युक्ती मराठीत अगदी पहिल्यापासून आहे. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं. त्यात यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत एकेका विधवेची दशा समोर येत जाते. दोरा कोणता, तर प्रवास. लेखकाला विधवांचे हाल दाखवायचे आहेत, तो ते लपवत नाही, माणसं वाटेत भेटतात आणि मागं राहतात. पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि आपण अजून दोरा शोधण्यातच दमतोय. फरक असा की तेव्हा रस्ता पुरत होता, आता रहस्य लागतं.

बाकी 'गोफ' शब्दाबद्दल. मलपृष्ठ लिहिणाऱ्यानं गोफ नाचलेला नसावा. गोफ विणताना प्रत्येकीच्या हातात स्वतःची दोरी असते आणि एकीचं पाऊल चुकलं की सगळ्यांचा गुंता होतो. आणि विणून झाला की उलट्या पावलांनी नाचून तो सोडवायचाही असतो. निम्मा खेळ सोडवण्याचा. कादंबरीत एक तरी गाठ कुणी सोडवते का?

---

कृष्णाकाठची

@जुनी_पानं, नाही. पत्रं नदीत टाकतात. (त्यावर आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीच पुरानं एवढा कचरा आलाय.)

---

तिसरा_मजला

मी जरा उलट लिहिणार आहे, रागावू नका.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या. दासबोध आणि पेपर सोडून काही वाचत नाहीत. ही कादंबरी माझ्या टेबलावरून उचलली आणि दोन दिवसांत संपवली. मी विचारलं काय आवडलं, तर म्हणाल्या, 'ती गच्चीवरची बाई.' ज्यांनी वाचलीय त्यांना आठवेल. पुरात वाड्यातली बाई गच्चीवर तीन दिवस एकटी अडकते. शेजारचे सगळे निघून गेलेत. तिच्याकडं फुटाणे, अर्धा किलो गूळ आणि पाण्याची कळशी. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तिच्या लक्षात येतं की कुणीच चहा मागितलेला नाही. ती आडवी होते. पाच वाजतात. उठत नाही. सहा वाजतात. बोट येते आणि माणसं हाका मारायला लागतात तेव्हा ती टाकीमागं लपते!

सासूबाई ते पान मला वाचून दाखवत होत्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, 'चार वाजले वाटतं,' आणि चहा ठेवायला उठल्या. मी कादंबरीबद्दल यापुढं वाईट बोलणार नाही.

---

सूर्यवंशी_प्लॉट

हे प्रकरण माझ्याही डोक्यात राहिलंय. तिथं पाणीसुद्धा बरोबर आहे. गच्चीवरून दिसणारं, न हलणारं, त्यावर तरंगणारा प्लॅस्टिकचा स्टूल. त्या पंधरा पानांत लेखिका खरी आहे.

---

कृष्णाकाठची

हे मान्य करायला लागेल. तिथं मीही थांबले होते. आता विचार केला तर त्या पंधरा पानांत अडत्या नाही, पत्र नाही, बाकीच्या तिघी नाहीत. कुणाचाच कुणाशी संबंध जोडायचा नाही म्हटल्यावर बाईंना लिहायला सवड मिळालेली दिसते. गुंतलेल्या आयुष्यांच्या कादंबरीतली सगळ्यात चांगली जागा सुटलेल्या बाईची. काय म्हणायचं याला.

---

वाळव्याची

नमस्कार. मी इथं नुसती वाचत असते, लिहीत नाही. आमच्या वाचनालयात हे पुस्तक आलंय पण माझा नंबर लागला तेव्हा मधली पानं निसटलेली, त्यामुळं गच्चीचं प्रकरण मला मिळालंच नाही. बचत गटाचं मिळालं.

आमचा गट बारा जणींचा, अकरा वर्षं झाली. वही मी लिहिते. पुस्तकात गट म्हणजे दोन पानं, आणि त्यात बायका पापड लाटत ओव्या म्हणत्यात. बचत किती, ठराव कुणी मांडला, थकबाकी कुणाची, बँकेचा साहेब कधी येणार, काय म्हणजे काय न्हाई. मला तर त्यांचे पापड कुठं विकतात तेबी कळलं नाही.

आमच्यात एकीनं म्हशीसाठी चाळीस हजार उचलले. कर्ज बँकेचं पण गटाच्या नावावर, म्हणजे एक थकली तर बाराच्या बारा थकल्या, पुढचं कर्ज बंद. सहा महिन्यांत म्हैस मेली. तीन हप्ते तिला जमले नाहीत. ते आम्ही अकरा जणींनी वाटून भरले. त्या अकरात तिची सख्खी जाऊ. दोघी बांधावरनं सात वर्षं बोलत नाहीत. बैठकीला आल्या तर एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. पण हप्ता वाटून घ्यायचा म्हटल्यावर पहिले पैसे जावंनं ठेवले. मी वहीत लिहिलं आणि सही घेतली. म्हैसवाली खाली बघत होती. जाऊ म्हणाली, 'लिही, माझे दोनशे जादा लिही,' आणि उठून गेली.

मला वाटलं आता बोलतील. न्हाई. अजून बोलत नाहीत. पैसे मात्र फेडले तिनं, दोनशे जादाचेसुद्धा, ते मी जावंच्या घरी नेऊन दिले कारण हातात हात द्यायला दोघी तयार नव्हत्या.

पुस्तकात असतं तर दोघी गळ्यात पडून रडल्या असत्या.

---

नाईट_ड्यूटी

वाळव्याची ताई, तुम्ही लिहा हो. नुसतं वाचू नका.

---

वाचनवेडा_सातारकर

दंडवत. 'माझे दोनशे जादा लिही' नंतर मला ती ४१२ पानं वाचायची गरज उरली नाही. माझा पहिला प्रतिसाद मागं घेतो, हळदीचं टायमिंगही बघायला हवं.

---

शनिवारची_भडंग

मी या भिशीतलीच. दोन दिवस गप्प वाचत होते, आता राहवत नाही.

कृष्णाकाठची बाई, चिठ्ठी कुणाची निघाली होती ते लिहायचं विसरलीस का गं? पुस्तक कुणी सुचवलं? आणि साठाव्या पानावर असताना ग्रुपवर रात्री साडेअकराला 'अप्रतिम, रडतेय' असं कुणी टाकलं होतं? माझ्याकडं आहे अजून.

'एकीलाही आवडली नाही' हेही खरं नाही. दोघींना आवडली, त्यांना बोलायला वावच मिळाला नाही कारण तू पहिली वीस मिनिटं एकटीच बोलत होतीस. भडंग मात्र छान होतं, ते कबूल.

आणि एक दुरुस्ती. पान २१२ वरची ओळ काकूंची नाही. काकूंचं अक्षर तिरकं, हे गोल आहे. त्या प्रतीचा माझ्या आधीचा नंबर कुणाचा होता ते यादीत बघ.

---

कृष्णाकाठची

बघितलं.

चिठ्ठी माझी होती, पुस्तक मीच सुचवलं, मलपृष्ठ वाचून. साठ पानांपर्यंत मला आवडली होती, हेही खरं. नंतर ज्या वेगानं नावडती झाली त्यात थोडी लाज होती, आपण सुचवलेलं पुस्तक आपणच आधी झोडलं की दुसऱ्या कुणी झोडायचं राहत नाही.

ती ओळ आमच्या नवव्या सभासद ताईंची आहे. माझ्या वरच्या मजल्यावर पोळ्यांना येतात. त्यांनीच एकदा विचारलं, मला घेता का भिशीत, शंभर देते की. चार महिने झाले. दर महिन्याला सगळ्यांत आधी पैसे त्यांचे येतात. मी गृहीत धरलं की असं बारीक काकूच लिहिणार. त्यांचं अक्षर मी आजवर बघितलंच नव्हतं.

या वेळची बैठक माझ्या घरी होती. सोफ्यावर पाच, दिवाणावर दोन, मी स्वयंपाकघराच्या दारात. ताई कुठं बसल्या होत्या ते मला आठवत नाहीये.

---

शनिवारची_भडंग

चप्पलस्टँडपाशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. ती आतून त्यांनीच आणली.

---

गड्डा_हळकुंड

(काय लिहावं सुचत नाही. चहा घेऊन येतो.)

---

बाप्या_पाटील

मी ती कादंबरी मागवलीय. गच्चीच्या प्रकरणासाठी. अडत्यासाठी नाही.

---

तिसरा_मजला

पुढच्या महिन्याची चिठ्ठी कुणाची?

---

कृष्णाकाठची

निघाली. ताईंची. आज संध्याकाळी वर जाऊन विचारलं पुस्तक कुठलं घ्यायचं, तर म्हणाल्या, 'बारीक घ्या एखादं, सहा दिवसांत व्हायला पाहिजे, मला रात्री दहानंतरच वेळ मिळतो.' आणि बैठक त्यांच्या घरी, कुपवाडला, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं माझ्याकडं ठेवू की, तुम्हाला त्रास कशाला. तर म्हणाल्या, 'नियम हाय न्हवं? मग या की. खुर्च्या दोनच हायत, बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं.'

@वाळव्याची, तुम्हाला गच्चीचं प्रकरण वाचायचं असेल तर एक प्रत नियमाप्रमाणं माझी आहे, तुम्हाला देते. पानं सगळी शाबूत आहेत.

---

वाळव्याची

द्या की. मी मंगळवारी बँकेच्या कामाला सांगलीत येणार आहे.

---

कृष्णाकाठची

मग स्टँडवरच भेटू, अकरा वाजता. समासात आमच्या सगळ्यांच्या नोंदी आहेत, त्या खोडू नका. आणि तुम्हाला काही सुचलं तर खाली लिहा, पण पेन्सिलीनं हं. काकूंचा नियम.

---

वाळव्याची

आमच्याकडं पेनच असतंय. पेन्सिलीचं बँक चालवून घेत न्हाई.